छत्तीस ठोक्यांचा ताळा

ईसीजीच्या कागदाला लॅमिनेशन करायचं नसतं, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी राजापेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कळलं. कागद यंत्राच्या एका तोंडातून गुलाबी, चौकटीचौकटींचा असा आत गेला आणि दुसऱ्या तोंडातून शाळेच्या फळ्यासारखा काळाकुट्ट होऊन बाहेर आला. दुकानदाराने तो चिमटीत धरून उजेडाकडे केला.

"सर, हा एक्सरा होता काय?"

"ईसीजी होता."

"मंग आता एक्सरा झाला," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं आधारकार्ड हातात घेतलं.

मी शाळेत गणित शिकवतो, आणि विज्ञानाचे सर रजेवर असले की विज्ञानही. उष्णतेने छापलेला कागद पुन्हा उष्णतेतून काढला तर काय होईल, हा प्रश्न मी सातवीच्या पोरांना दोन मार्कांसाठी घालू शकलो असतो. पण लॅमिनेशन ही माझी कमजोरी आहे. माझी दहावीची मार्कशीट, बायकोची नोकरीची ऑर्डर, मुलीने बालवाडीत काढलेला आणि गाय आहे की खाट हे आजवर न ठरलेला प्राणी, सगळं प्लास्टिकमध्ये बंद आहे. बायको म्हणते, "एक दिवस मलेही लॅमिनेशन करून भिंतीले लावसान."

तर तो काळा झालेला कागद शाळेच्या ऑफिसात द्यायचा होता. पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकांची तपासणी होती. त्यात माझं हृदय 'व्यवस्थित' असल्याचं निघालं होतं, आणि तेच जपून ठेवायच्या नादात मी ते काळं केलं. आता पुन्हा ईसीजी काढणं आलं.

शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी निघालो. बायकोचीही शाळा सुटली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. म्हणाली, "मीही येतो, येताना भाजी घेऊ." आमच्या वऱ्हाडात बाया 'मी येतो' म्हणतात. ती दर्यापूरकडची, तिच्या तोंडी तर दुसरं काही येतच नाही.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली आणि चप्पल काढून झटकू लागली.

"काय झालं?"

"चपलेत खडा गेला."

मी वरून दोनदा डोकावलो. "खडा काढून राहिली का विहीर खोदून राहिली?"

"या तुमी पुढे. आलो मी."

ईसीजी काढणाऱ्या बाईंकडे शनिवारची गर्दी होती. डॉक्टर लग्नाला अंजनगाव सुर्जीला गेलेले, रिपोर्ट सोमवारी मिळणार. माझा कागद निघाला, मी शर्टाची बटणं लावत होतो, तेवढ्यात त्या बाई माझ्या बायकोकडे पाहून म्हणाल्या, "मॅडमचाही काढून टाकू काय? चेहरा उतरलेला दिसून राहिला."

"तिले काई होत नाही बाई," मी म्हणालो. "तिच्या भरवशावर तर मी आजारी पडतो."

बायको सरळ जाऊन पलंगावर आडवी झाली. मला धक्का तिथेच बसायला हवा होता. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती एखाद्या गोष्टीला वाद न घालता तयार झाली, असं मला दुसरं उदाहरण सांगता येणार नाही.

दोन्ही कागद बाईंनी टेबलावर एकावर एक ठेवले. "मशीनवरचं नाव टाकायचं बटन बसलं हाय. हातानं टाका लागते. सर, तुमचं अक्षर चांगलं असंन, टाकता काय?"

आता हे सांगितलं पाहिजे की माझं अक्षर खरोखर चांगलं आहे. नात्यातल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकांवरची नावं मी टाकतो. शाळेतली प्रमाणपत्रं माझ्याकडे येतात. कुणी माझ्या अक्षराची तारीफ केली की मग मला पुढचं काही ऐकू येत नाही. मी खिशातून पेन काढला. वरच्या कागदावर माझं नाव टाकलं, खालच्या कागदावर सौभाग्यवतींचं. वळणदार. बाई म्हणाल्या, "छापल्यासारखं हाय." मी खूश होऊन जिना उतरलो. घराच्या जिन्यातही बायकोच्या चपलेत खडा गेला.

आता थोडं मागं जाऊन मुलीबद्दल सांगतो. ती अकोल्याला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा ईसीजीचं पुस्तक सोबत होतं आणि हार्ट ब्लॉक डोक्यात बसत नव्हता. मी तिला माझा जुना मंत्र दिला: दुसऱ्याला शिकव, म्हणजे तुला येईल. दुसरा म्हणून मीच बसलो.

ती म्हणाली, "बाबा, हृदयाचा वरचा कप्पा हुकूम देतो. त्याची कागदावर एवढीशी टेकडी उमटते. हुकूम खाली पोचला की खालचा कप्पा जोरात दाबला जातो, त्याचा हा उंच सुळका. टेकडी, सुळका. टेकडी, सुळका. मधल्या तारेत बिघाड झाला की ब्लॉक."

"म्हंजे हजेरीपट," मी म्हणालो. शिक्षकाला सगळं जग हजेरीपटात दिसतं. वही ओढून मी रकाने पाडले. पहिल्या प्रकारचा ब्लॉक म्हणजे रोज उशिरा येणारा पोरगा, पण रोज येणारा. टेकडीनंतर सुळका यायला वेळ लागतो, चुकत मात्र नाही. दुसऱ्या प्रकारात दोन तऱ्हा. एक पोरगा सोमवारी पाच मिनिटं उशिरा, मंगळवारी दहा, बुधवारी वीस, गुरुवारी गैरहजर आणि शुक्रवारी पुन्हा वेळेवर, जसं काही झालंच नाही. दुसरा रोज अगदी वेळेवर, आणि एक दिवस चिठ्ठी नाही, चपाटी नाही, एकदम गायब.

"यात भेव कोणाचं?" मी विचारलं.

"वेळेवरवाल्याचं. तो केव्हा कायमचा गायब होईल सांगता येत नाही."

"आन् तिसरा?"

"तिसऱ्यात तारच तुटते. वरचा आपल्या वेळाने हुकूम देतो. खालच्याला ऐकूच येत नाही. तो आपला सावकाश, स्वतःच्या चालीनं चालत राहतो. टेकड्या सारख्या अंतरावर, सुळके सारख्या अंतरावर, पण एकमेकांशी काही संबंध नाही."

म्हणजे चपराशी आपल्या घड्याळाने घंटा वाजवतोय आणि वर्ग आपल्या मनाने सुटतायत. मी तसं वहीत लिहिलं. बायको खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या-माह्यासारखं. तुमी आपलं बोलता, मी आपलं काम करतो."

मुलगी हसून लोटपोट. मीही हसलो. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच, असंही काहीतरी बोललो असेन.

त्या चार दिवसांत मी तयार झालो. मुलीने मला माझ्याच कंपासपेटीतल्या कर्कटकाने मोजायला शिकवलं. एक टोक एका टेकडीवर, दुसरं पुढच्या टेकडीवर, आणि मग कर्कटक तसंच पावलं टाकत पुढे न्यायचं. दोन सुळक्यांमधले मोठे चौकोन मोजायचे आणि तीनशेला त्याने भागायचं, की मिनिटाचे ठोके. हा भाग तर मी तिच्यापेक्षा लवकर शिकलो. शेजाऱ्यांचे दोन जुने ईसीजी मागून आणून मी 'नॉर्मल' म्हणून शेरा दिला आणि परतही केले.

तर त्या शनिवारी, जेवण झाल्यावर, मी ऐटीत कर्कटक काढलं आणि माझा कागद टेबलावर पसरला.

टेकडी होती. मग पुन्हा टेकडी. मग सुळका, मग दोन टेकड्या. एक टेकडी तर सुळक्याच्या पोटातच शिरलेली. मी कर्कटक टेकड्यांवरून चालवलं, पाऊल चुकलं नाही. सुळक्यांवरून चालवलं, तिथंही नाही. दोन्ही चालींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. सुळक्यांमध्ये मोठे चौकोन आठ. तीनशे भागिले आठ. साडेसदतीस.

मी दिवाळीतली वही काढून शेजारी ठेवली. वहीत हजेरीपटाच्या तळाशी मी गमतीने लिहिलेला तिसरा प्रकार, आणि इकडे कागदावर माझं नाव, वळणदार.

बायकोचा कागद पाहिला. टेकडी, सुळका, टेकडी, सुळका, आदर्श विद्यार्थी. "तुहा कागद पाह्य कसा हाय," मी तिला क्षीण आवाजात म्हणालो, "आन् माहा पाह्य."

फोटो काढून मुलीला पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला. आवाज तिचा वाटत नव्हता. "बाबा, कुठे आहात? झोपून राहा. जिना चढायचा नाही, काही उचलायचं नाही. मी सरांना दाखवला. कम्प्लीट ब्लॉक आहे. अमरावतीतच ताबडतोब दवाखान्यात जा."

"मी अकोल्याले येतो. जे व्हायचं ते तुह्या डोयासमोर होऊ दे."

"बाबा, ऐका ना. दोन तासाचा रस्ता आहे."

मी ऐकलं नाही. माझा हट्ट हा एक आणखी अवयव आहे, त्याचा अजून ईसीजी निघत नाही. शेजारी बँकेतून रिटायर झालेले एक काका राहतात, त्यांची गाडी आहे. ते लगेच निघाले. मला दोन्ही दंडांना धरून, नव्या नवरीसारखं एकेक पायरी उतरवलं. मागून बायको येत होती. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्यात पाण्याचा थर्मास, काखेत माझी उशी. दुसऱ्या मजल्यावरून. आणि वर माझ्या लॅमिनेशन केलेल्या कागदांची फाईल राहिली म्हणून ती आणायला पुन्हा एकदा वर गेली. कारण मी म्हणालो, "फाईल राहिली."

हे वाक्य लिहितानाही माझा हात अडतो.

गाडीत मी मागच्या सीटवर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो. बडनेरा मागं पडलं. काका चाळीसच्या वर गाडी नेत नव्हते, मला गचके बसू नयेत म्हणून. मी डोळे मिटून सगळ्यांना माफ करत होतो. मुख्याध्यापकांनाही केलं. बायको माझ्या कपाळावर हात ठेवून बसली होती आणि तो हात मला गार लागत होता. भीतीने गार पडला असेल, असं वाटून मला बरंही वाटलं. आपल्यासाठी कुणाचा तरी हात गार पडतो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, मी स्वतःची नाडी धरली. घड्याळावर एक मिनिट मोजली. अठ्ठ्याऐंशी.

चुकलं असेल. पुन्हा मोजली. अठ्ठ्याऐंशी.

अठ्ठावीस वर्षं मी पोरांना सांगत आलो आहे की उत्तर आलं म्हणून पेन खाली ठेवू नका, ताळा करून पाहा. आणि स्वतःच्या जिवाचं उत्तर आल्यावर मी दुपारपासून एकदाही ताळा केला नव्हता. साडेसदतीस कागदावर आणि अठ्ठ्याऐंशी मनगटात, हे एका माणसाचं गणित होऊच शकत नाही.

मग ते टेबल डोळ्यांसमोर आलं. एकावर एक ठेवलेले दोन कागद. माझा आधी निघाला होता. आधी निघालेला खाली असतो. परीक्षेत पेपर गोळा करताना पहिल्या रोल नंबरचा पेपर गठ्ठ्याच्या तळाशी जातो, हे मी वर्षाला चार वेळा पाहतो. मी वरच्यावर माझं नाव टाकलं होतं. सुंदर अक्षरात.

मी उठून बसलो.

"झोपून राहा ना," ती म्हणाली.

"हात दे."

"काहून?"

"दे म्हनलं ना."

"आता या वयात हात धरून काय करता? काका आरशातून पाहून राहिले."

मी मनगट धरलं. एक ठोका. मग काही नाही. इतका वेळ काही नाही की मला वाटलं बोट सरकलं. मग दुसरा. सेकंदकाटा माझ्यासमोरून पूर्ण फिरला, आणि मी मनात मोजत होतो ते पस्तीसला आलं, छत्तीसला आलं आणि मिनिट संपलं.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढुरके होते. सकाळपासून तसेच असणार. चपलेत कधी कुठलाही खडा नव्हता.

"तुले घेरी येते काय?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सोयाबीन काढलेली मोकळी वावरं होती. "जिना चढला का येते थोडी. बसलो का जाते."

"केव्हापासून?"

"झाले दोन महिने."

काका आरशातून खरोखरच पाहत होते. मी त्यांना एवढंच म्हणालो, "काका, आता जोरात घ्या. पेशंट बदलला."

मुलीला फोन लावला. सांगितलं: कागद आईचा आहे, नाव मी चुकीचं टाकलं. ती रडेल असं वाटलं. पण ती जी बोलली ती माझी मुलगी नव्हती, डॉक्टर होती. "तिला आडवं करा. एक पाऊल चालू देऊ नका. थांबू नका, अर्ध्यातून जास्त आलात. तिच्याशी बोलत राहा. मी गेटवर आहे."

मग बायकोचं डोकं माझ्या मांडीवर आणि माझी उशी तिच्या पायाखाली. बोलत राहा, मुलगी म्हणाली होती. जन्मभर तोंड बंद न ठेवलेला मी, मला एक वाक्य सुचेना. शेवटी बायकोच म्हणाली, "पाढे तरी म्हना." मी एकोणतीसचा पाढा म्हटला. मधे चुकलो. तिने डोळे मिटूनच दुरुस्त केला.

अकोल्याला गेटवर मुलगी व्हीलचेअर घेऊन उभी होती, सोबत एक वॉर्डबॉय, चांगला पन्नाशीचा मिशाळ माणूस. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर दुपारचंच माझं नाव होतं. मी दार उघडून उतरताच त्याने मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

"मी नाही, मी नाही, ते, माही बायको."

"सगळे असंच म्हनतात सर. बसा."

त्या ओढाताणीत बायको दुसऱ्या दाराने स्वतःच उतरली. दोन पावलं चालली. मी तिच्याकडेच पाहत होतो. ती काही बोलण्यासाठी तोंड उघडत होती आणि एकदम तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं, फळा पुसावा तसं. मुलीने तिला जमिनीवर पडण्याआधी धरलं. माझी ती एवढीशी मुलगी, तिने आईला पूर्ण वजनासकट धरलं आणि अशा आवाजात स्ट्रेचर मागितलं की तो मिशाळ माणूस मला खुर्चीत तसाच सोडून धावला.

पाच-सात सेकंदांत बायकोने डोळे उघडले. मुलगी नंतर म्हणाली, तेवढाच वेळ खालचा कप्पा थांबला होता. मी दवाखान्याच्या फाटकात, धडधाकट असून व्हीलचेअरवर, मांडीवर लॅमिनेशनची फाईल घेऊन बसलो होतो. पाच-सात सेकंद किती मोठे असतात हे मी कुठल्याही वर्गात शिकवू शकणार नाही.

पुढचं मला तुकड्यांनी आठवतं. मानेतून आत घातलेली तात्पुरती तार, आणि पडद्यावर हिरवे सुळके अचानक घड्याळासारखे येऊ लागले ते. मुलीचे सर हळू आवाजात म्हणाले, "वेळेवर आणलंत." मला ते वाक्य सहन झालं नाही. वेळेवर काय आणलं? मी तिला उशी उचलायला लावून आणलं होतं. तिसऱ्या दिवशी कायमचा पेसमेकर बसला, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, काडेपेटीपेक्षा लहान.

ती बरी बोलायला लागल्यावर मी विचारलं, "दोन महिने सांगतलं काहून नाही?"

"तुमचंच चालू होतं ना छातीचं. गॅस का अटॅक, गॅस का अटॅक. म्हनलं, घरात एका टायमाले एकच पेशंट बरा."

मी तिचं मनगट धरून मोजत बसलो, दिवसभर तोच उद्योग होता माझा. साठ. पुन्हा मोजलं, साठ. नर्स आली की मी सांगायचो, "साठ." ती म्हणायची, "मशीनच हाय सर ते, साठच्या खाली जाऊच देत नाही." मी पुन्हा मोजायचो.

सुट्टी व्हायच्या सकाळी शेवटचा ईसीजी निघाला. प्रत्येक सुळक्याच्या आधी आता एक बारीकशी उभी रेघ होती, पेसमेकरची सही म्हणायची. ईसीजी काढणाऱ्या भावाने कागद फाडला आणि सवयीने मला दिला, सोबत पेनही. "सर, वर नाव तेवढं टाकून द्या."

मी एका हाताने तिचं मनगट धरूनच दातांनी पेनचं टोपण काढलं. बायकोने पलंगावरूनच हात पुढे केला, ज्याचं मनगट मी धरलं नव्हतं तो.

"तो पेन इकडे द्या," ती म्हणाली. "माहं नाव मी टाकतो. तुमी मोजा."